खर्रा, सुपारी आणि आखडत जाणारं तोंड : कॅन्सरच्या आधीच्या खुणा कशा ओळखायच्या, पुढे काय करायचं

रानजाई (धागाकर्ती)

तोंडाच्या कॅन्सरवर इथे आधी धागे येऊन गेलेत. त्याच्या आधीच्या पायरीवर सविस्तर चर्चा झालेली नाही, म्हणून हा धागा. ही पायरी बऱ्याचदा काही वर्षांची असते. तेवढा वेळ रोग डोळ्यांना दिसत असतो आणि बोटाला लागत असतो. आतड्यासाठी दुर्बीण लागते, इथे मोबाईलचा टॉर्च पुरतो. तरीही गालात गाठ येईपर्यंत कोणी तोंड उघडून बघत नाही, हे मला फार टोचतं.

विदर्भात खर्ऱ्यामुळे (सुपारी आणि तंबाखू घोटून केलेलं मिश्रण) जी अवस्था सर्वांत जास्त दिसते तिथून सुरुवात करते : ओरल सबम्यूकस फायब्रोसिस. तोंडाच्या अस्तराखालचा मऊ थर हळूहळू घट्ट, दोरीसारखा होत जातो. पहिली तक्रार तोंड न उघडण्याची नसते, तिखट सहन न होण्याची असते. वरण-भातही झोंबतो, ठेचा बंद होतो, चहा गार करून प्यावा लागतो. माणूस म्हणतो, 'उष्णता झाली', आणि बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या घेत राहतो. त्यानंतर गालाचा आतला भाग फिकट, संगमरवरासारखा पांढुरका दिसू लागतो. गालाच्या आत तर्जनी आणि बाहेरून अंगठा ठेवून चिमटीत धरलं तर उभ्या, ताठ दोऱ्या लागतात. ओठांच्या आतून तसंच कडं तयार होतं. पडजीभ आखडून कळीएवढी होते किंवा एका बाजूला ओढली जाते. पुढे शिट्टी वाजत नाही, फुगा फुगवता येत नाही, जीभ खालच्या ओठापलीकडे जात नाही. काहींचा आवाज नाकातून येतो, काहींना कानात दडे बसतात, कारण टाळूचे स्नायू आणि कानाकडे जाणारी नळी एकमेकांशी जोडलेली असते.

तोंड आखडणं सगळ्यांत शेवटी लक्षात येतं, पण मोजायला तेच सर्वांत सोपं. स्वतःची तर्जनी, मधलं आणि करंगळीशेजारचं बोट एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये घाला. तीन बोटं सहज जायला हवीत. दोनच जात असतील तर त्याच आठवड्यात दंतवैद्याकडे जा.

---

वैनगंगा

आशाताईंच्या प्रशिक्षणात हाच धडा घेतो, म्हणून दोन नेमके प्रश्न. एक, बोटं प्रत्येकाची वेगळी, मग नोंद कशात ठेवायची? दोन, गावात बरेच जण सांगतात की 'तंबाखू सोडली, आता नुसती सुपारी चघळतो'. त्यांना काय उत्तर द्यायचं?

---

रानजाई

वैनगंगा, दोन्ही प्रश्न मुळावर बोट ठेवणारे आहेत.

नोंद मिलिमीटरमध्येच ठेवा. शाळेची प्लॅस्टिकची पट्टी चालते, फक्त तिची शून्याची रेघ अगदी कडेला हवी. कडेला रिकामी जागा सोडलेली असेल तर पट्टी तिथून कापा. वरच्या मधल्या दाताच्या कडेपासून खालच्या मधल्या दाताच्या कडेपर्यंतचं अंतर घ्या. माणसाला बसवा, डोकं मागे टेकवा, जास्तीत जास्त तोंड उघडायला सांगा. तीनदा मोजा आणि सर्वांत मोठा आकडा लिहा. दर वेळी दात तेच हवेत. दात पडले असतील तर हिरडीपासून मोजून तसं नमूद करा. प्रौढ माणसाचं तोंड साधारण ३५ मिमीच्या वर उघडतं, बहुतेकांचं ४० च्या आसपास किंवा जास्त. खन्ना आणि अंद्राडे यांनी १९९५ मध्ये मांडलेली वर्गवारी आजही वापरतात : २६ ते ३५ मिमी दुसरा गट, १५ ते २५ तिसरा, १५ च्या खाली चौथा. चौथ्यात पांढरा किंवा लाल चट्टाही असेल तर तो '४ ब'.

आता सुपारी. आपल्याकडे सगळं लक्ष तंबाखूवर असतं आणि सुपारी नैवेद्यात, विड्यात, लग्नात असल्यामुळे सुटून जाते. पण सबम्यूकस फायब्रोसिस हा मुळात सुपारीचा रोग आहे. तंबाखूला कधीही हात न लावलेल्या, फक्त सुपारी खाणाऱ्या माणसालाही तो होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारी आणि तंबाखूविरहित विडा या दोघांनाही पहिल्या गटात घातलं, म्हणजे माणसात कॅन्सर करणारे हे सिद्ध झालेले पदार्थ. सुपारीतलं अरेकोलिन पेशींना जास्त कोलॅजन, म्हणजे अस्तराखालचे चिवट धागे, बनवायला लावतं. तिच्यातले तुरट घटक, टॅनिन, ते कोलॅजन मोडू देत नाहीत. शिवाय सुपारीत तांबं भरपूर असतं आणि त्या तांब्यावर चालणारं एक विकर (एन्झाइम) कोलॅजनचे धागे एकमेकांत घट्ट विणतं. म्हणजे तयार होणं वाढतं, मोडणं थांबतं आणि जे आहे ते पक्कं होतं. अस्तर आखडतं ते यामुळे.

म्हणून 'नुसती सुपारी' खाणाऱ्याने कारण सोडलेलंच नाही. श्रीवर्धनी रोठा असो, भाजकी असो, पोरं खातात ती गोड सुगंधी सुपारी असो, पानमसाल्यातली असो.

---

फोफळ

कोकणाच्या बाजूने थोडी भर. आमच्याकडे खर्रा नाही, पण मिश्री आहे. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि दात घासायला वापरायची. बायका दिवसातून चार-पाच वेळा लावतात आणि तिला व्यसन म्हणतच नाहीत, 'दात लावते' म्हणतात. 'तंबाखू खाता का?' असं विचारलं की उत्तर 'नाही' येतं, आणि ते खोटं नसतं. तपासणी करणाऱ्याने 'मिश्री लावता का? दिवसातून किती वेळा? थुंकता की तशीच तोंडात ठेवता?' असंच विचारायला हवं.

गोव्यात पूर्वी बायका धुमटी (पानात गुंडाळलेली तंबाखूची चिलीम) ओढायच्या आणि पेटतं टोक तोंडात धरायच्या. त्यांच्यात टाळूवरचे बदल १९७० च्या दशकात खेडोपाडी फिरून नोंदवले गेले. तेव्हा सवय कुठली हे कळलं की कुठली जागा नीट बघायची तेही कळतं. मिश्री : हिरड्या आणि ओठाची आतली बाजू. चुना-तंबाखू : जिथे गोळी धरतात तो गालाचा कोपरा. उलटी धुमटी : टाळू.

आता प्रश्न. चुन्याने भाजून पांढरं झालेलं आणि खरा पांढरा चट्टा यातला फरक घरी कळतो का?

---

रानजाई

बऱ्यापैकी कळतो, पण अंतिम निवाडा घरी करू नये.

स्वच्छ कोरडा गॉझ किंवा सुती कापड बोटाला गुंडाळून चट्टा हलक्या हाताने पुसा. पुसून निघाला आणि खाली लाल दिसलं तर बहुधा बुरशी, कँडिडा. चुन्याने भाजलेलं असेल तर साल सैल सुटते, दुखतं, आणि चुना बंद केल्यावर आठवडा-दहा दिवसांत भरून येतं. गाल बाहेरून ताणल्यावर पांढुरकेपणा नाहीसा झाला तर तो ल्युकोएडिमा, निरुपद्रवी. दात जिथे मिटतात त्या रेषेत आडवी पांढरी रेघ अनेकांना असते, तीही निरुपद्रवी. दोन्ही गालांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या पांढऱ्या रेषा दिसल्या तर लायकेन प्लॅनसचा विचार करायचा. एकाच बाजूला, चांदी भरलेल्या दाताला लागूनच असेल तर त्या धातूची प्रतिक्रियाही असू शकते.

पुसून न जाणारा, ताणून न जाणारा, इतर कुठल्याही कारणाने न समजणारा पांढरा चट्टा म्हणजे ल्युकोप्लाकिया. म्हणजे बाकीची कारणं वजा करत गेल्यावर उरतो तो. म्हणूनच एका नजरेत 'ल्युकोप्लाकिया' लिहून मोकळं होणं चुकीचं. आधी टोकदार दात घासून गोल करायचा, बुरशी वाटली तर क्लोट्रिमॅझोलचा तोंडात लावायचा १ टक्का द्राव दोन आठवडे द्यायचा, तंबाखू-सुपारी बंद करायची. दोन आठवड्यांनी परत बघायचं. गेला नसेल तर बायोप्सी, म्हणजे तपासणीसाठी छोटा तुकडा काढणं.

आणि रंगासोबत पोतही महत्त्वाचा. सपाट, एकसारखा, बारीक भेगांचा पांढरा चट्टा तुलनेने सौम्य. पांढऱ्यात लाल ठिपके, खडबडीत दाणे, चामखीळीसारखा उंचवटा असेल तर धोका बराच जास्त. पूर्ण लाल, मखमलीसारखा, कडा स्पष्ट असलेला चट्टा, म्हणजे एरिथ्रोप्लाकिया, दुर्मीळ आहे पण सर्वांत वाईट. दुखत नाही म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. दुसरं काही कारण समोर नसताना असा लाल चट्टा दिसला तर तिथे दोन आठवडे वाट बघत बसू नये.

---

सूक्ष्मदर्शी

रानजाईंच्या शेवटच्या परिच्छेदाला आकड्यांची जोड देतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात कॅन्सर होण्याचं प्रमाण असं आलं : लायकेन प्लॅनस १.४ टक्के, सबम्यूकस फायब्रोसिस ५.२, ल्युकोप्लाकिया एकूण ९.५ (त्यातला एकसारखा ३, मिश्र किंवा खडबडीत १४.५), एरिथ्रोप्लाकिया ३३.१. अनेक ठिकाणी पसरत जाणारा, चामखीळीसारखा ल्युकोप्लाकिया सर्वांत वर, ४९.५ टक्के. तो बहुधा मोठ्या वयाच्या बायकांमध्ये, बऱ्याचदा तंबाखूशिवायच दिसतो. फायब्रोसिसचा आकडा लहान वाटला तरी एर्नाकुलममध्ये ६६ रुग्णांचा १७ वर्षं पाठपुरावा केला तेव्हा तो ७.६ टक्के निघाला होता. आणि आपल्याकडे हे रुग्ण विशी-तिशीतले असतात. त्यांच्यापुढे अजून चाळीस वर्षं आहेत, हे विसरू नका.

आता बायोप्सी. प्रयोगशाळेत येणाऱ्या तुकड्यांवरून सांगतो की अहवाल अर्धवट निघतो तेव्हा दोष बहुतेकदा सूक्ष्मदर्शकाखाली नसतो, तुकडा घेण्यात असतो.

जागा : चट्ट्यातला सर्वांत लाल, सर्वांत खडबडीत किंवा बोटाला कडक लागणारा भाग. सोयीचा, पुढचा, सुंदर पांढरा भाग घेतला की अहवाल 'डिस्प्लेसिया (पेशींचे कॅन्सरकडे झुकणारे बदल) नाही' असा येतो आणि सगळे निर्धास्त होतात. चट्टा मोठा आणि वेगवेगळ्या रूपाचा असेल तर दोन किंवा तीन जागांहून घ्या आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या बाटलीत घाला. नेमकी जागा सापडत नसेल तर टोल्युइडिन ब्लू हा निळा रंग मदत करतो : १ टक्का ॲसेटिक ॲसिडने २० सेकंद, पाण्याने चूळ, १ टक्का टोल्युइडिन ब्लू ६० सेकंद, परत ॲसेटिक ॲसिड, परत पाणी. जिथे गडद निळं टिकून राहील तिथला तुकडा. साध्या जखमेवरही निळं राहतं, म्हणून हे फक्त जागा निवडण्यासाठी, निदानासाठी नव्हे.

भूल : सुई चट्ट्याच्या आत नाही, बाजूने. आत टोचली की ऊतीत पाणी भरतं आणि पेशी विस्कटलेल्या दिसतात.

तुकडा : पंच (गोल पात्याचं कापायचं हत्यार) असेल तर ५ किंवा ६ मिमीचा. फक्त साल नको, खालचा थरही हवा. दात असलेल्या चिमट्याने दाबून ओढू नका, टाक्याचा धागा घालून उचला. पातळ तुकडा फॉर्मालिनमध्ये गुंडाळून वळतो, म्हणून आधी जाड कागदाच्या चिटोऱ्यावर सपाट ठेवा, मिनिटभर चिकटू द्या, मग कागदासकट बाटलीत.

द्रव : १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मालिन, तुकड्याच्या किमान दहापट. सलाईन नको, स्पिरिट नको. सलाईनमध्ये रात्रभर राहिलेला तुकडा सडतो, मग त्यातून काहीही सांगता येत नाही. बाटली रुंद तोंडाची. चिठ्ठी बाटलीच्या अंगावर, झाकणावर नाही, कारण झाकणं बदलली जातात.

आणि अर्जात सवय किती वर्षांची, चट्टा कुठे आणि कसा दिसतो, तोंड किती मिमी उघडतं हे लिहा. 'तोंडातील जखम' एवढ्यावर आम्ही फार काही करू शकत नाही.

---

तिफण

सूक्ष्मदर्शी, गावाकडचा ठाम समज : 'सुरी लागली की कॅन्सर पसरतो.' याच भीतीने लोक बायोप्सी टाळतात आणि झाडपाल्याकडे जातात. यावर एखादं वाक्य सांगा जे समजावताना वापरता येईल.

---

सूक्ष्मदर्शी

तुकडा काढल्यामुळे रोग पसरत नाही. तुकडा न काढता गेलेले महिने मात्र पसरायला मिळतात. समज कुठून आला तेही सांगा, म्हणजे ऐकणाऱ्याला पटतं : बायोप्सी उशिरा होते, तोवर रोग पुढे गेलेला असतो, आणि नंतर जे वाईट घडतं त्याचा दोष सुरीला दिला जातो.

अहवाल कसा वाचायचा तेही सांगून ठेवतो. 'हायपरकेरॅटोसिस, नो डिस्प्लेसिया' म्हणजे वरची साल जाड झाली आहे, पण डिस्प्लेसिया त्या तुकड्यात, त्या दिवशी नाही. चट्ट्यावर नजर ठेवावीच लागते. डिस्प्लेसिया सौम्य, मध्यम, तीव्र अशा पायऱ्यांत लिहितात. हल्ली काही जण फक्त 'कमी धोका' आणि 'जास्त धोका' असे दोनच गट करतात, कारण मधल्या पायरीवर दोन पॅथॉलॉजिस्टचं एकमत होणं कठीण असतं. चट्टा भीतीदायक दिसतोय आणि अहवाल निवांत आहे, असं झालं तर अहवालावर विसंबू नका. स्लाइड दुसऱ्याला दाखवा किंवा पुन्हा तुकडा घ्या. मेणात बसवलेला ब्लॉक प्रयोगशाळेकडे असतो, तो मागून घेता येतो.

---

घाटमाथा

उपचारांकडे येऊ या. इथे सर्वांत मोठी गफलत होते.

ल्युकोप्लाकियाबद्दल आधी. सवय सुटली की काही चट्टे स्वतःहून कमी होतात किंवा जातात, विशेषतः गोळी धरण्याच्या जागेवरचे. सौम्य डिस्प्लेसिया आणि सवय सुटलेली असेल तर दर तीन महिन्यांनी बघत राहता येतं. मध्यम आणि तीव्र असेल तर चट्टा काढायचा, सुरीने किंवा लेझरने. सुरीने काढलेला पूर्ण तुकडा पुन्हा तपासायला मिळतो, लेझरने वाफ करून टाकला तर मिळत नाही, म्हणून शक्य असेल तिथे मी काढण्याच्या बाजूने आहे. पण चट्टा काढला म्हणजे धोका गेला असं नाही. पांढऱ्या चट्ट्यांवरच्या गोळ्या आणि शस्त्रक्रिया यांचा पुरावा तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या पुनरावलोकनाने (२०१६) स्पष्ट म्हटलंय की कॅन्सर रोखतो असा खात्रीचा उपचार अजून सिद्ध झालेला नाही. बीटा कॅरोटीन, व्हिटॅमिन ए यांनी काही चट्टे कमी होतात, थांबवल्यावर परत येतात.

फायब्रोसिस मात्र वेगळा. सवय सुटल्यावर जळजळ कमी होते, पुढचं आखडणं मंदावतं, पण बनलेल्या दोऱ्या आपोआप विरघळत नाहीत. हे रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर तो दोन महिन्यांनी म्हणतो, 'सोडून काय उपयोग झाला?' आणि परत ठेल्यावर जातो.

औषधं : लायकोपीन दिवसाला ८ ते १६ मिग्रॅ वापरतात. पेंटॉक्सिफायलिन ४०० मिग्रॅ दिवसातून दोन-तीनदा देतात, पण नुकताच मेंदूत किंवा डोळ्याच्या पडद्यात रक्तस्राव झालेल्याला देऊ नये, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर विचारूनच. गालात देतात ती इंजेक्शनं म्हणजे हायल्युरोनिडेज १५०० युनिट आणि सोबत डेक्सामेथासोन किंवा ट्रायॅमसिनोलोन. आठवड्यातून एकदा किंवा दोनदा, सहा ते दहा आठवडे. सुरुवातीच्या टप्प्यात उपयोग होतो. मधुमेह, क्षयरोग असेल तर स्टेरॉइड जपून. आणि दर सुई ही स्वतःच एक लहान जखम असते. सुपारी चालू ठेवून वर्षानुवर्षं इंजेक्शनं घेणाऱ्याचा गाल त्या टोचण्यांनी आणखी कडक होतो. सुपारी बंद नसेल तर इंजेक्शन सुरूच करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हिमोग्लोबिन तपासा. रक्त कमी असेल, बी-१२ कमी असेल तर अस्तर पातळ राहतं आणि जळजळ जात नाही.

शस्त्रक्रिया साधारण २० मिमीच्या खाली तोंड गेलं की विचारात घेतात. दोऱ्या कापायच्या, टेबलावरच निदान ३५ मिमी उघडेल असं बघायचं, लागलं तर जबड्याच्या हाडाचा वरचा टोकदार भाग आणि अक्कलदाढा काढायच्या, आणि उघड्या जागेवर गालातली चरबी किंवा नाकाशेजारची त्वचा आणून झाकायची. उघडं सोडलं तर तिथे पुन्हा व्रण धरतो.

अजून एक गोष्ट, जी कोणी सांगत नाही. तोंड २० मिमीच्या खाली असलेल्या माणसाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन असो की सिझेरियन, भूलतज्ज्ञाला आधी सांगा. घशात नळी घालणं अवघड जातं, त्यासाठी वेगळी तयारी आणि लवचीक दुर्बीण लागते. ऐनवेळी टेबलावर कळलं तर जिवावर बेतू शकतं.

---

ताठकणा

घाटमाथा यांच्या शस्त्रक्रियेच्या मुद्द्याला व्यायाम जोडल्याशिवाय तो अपुरा आहे. ऑपरेशननंतर तोंड परत आखडण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे टाके दुखतात म्हणून व्यायाम सोडणं.

ऑपरेशन न झालेल्यांसाठीही हाच क्रम :

आधी ओल्या गरम कापडाने दोन्ही गाल बाहेरून पाच-दहा मिनिटं शेकायचे. मग आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या. पुढच्या पातळ दातांवर सगळा भार नको, ते हलू लागतात, म्हणून उपदाढांवर, आलटून पालटून दोन्ही बाजूंनी. जेवढ्या काड्यांना ताण येतो पण तीव्र वेदना नाही, तेवढ्यांनी सुरुवात. पाच ते दहा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. आठवड्याने एक काडी वाढवायची. घाईत दोन-तीन एकदम वाढवल्या तर अस्तर फाटतं, रक्त येतं, आणि भरताना नवीन व्रण तयार होतो. म्हणजे व्यायामानेच मागे जातो.

त्यासोबत गाल फुगवून दहा आकडे धरणं, पाण्याची चूळ एका गालातून दुसऱ्यात फिरवणं, जीभ जमेल तितकी बाहेर काढून डावीकडे-उजवीकडे नेणं. ऑपरेशननंतर सर्जन सांगतील त्या दिवसापासून, साधारण पहिल्याच आठवड्यात सुरुवात होते आणि किमान सहा महिने चालू ठेवावं लागतं. तिथे काड्यांऐवजी स्क्रूचं यंत्र देतात, त्याला किती फेरे द्यायचे ते लिहून घ्या.

दात घासायला लहान मुलांचा ब्रश वापरा. मोठा मागच्या दाढांपर्यंत पोचत नाही, तिथे कीड लागते आणि मग ती दाढ काढायलाही जागा नसते.

---

तिफण

सोडण्याबद्दल लिहितो, कारण वरच्या प्रत्येक प्रतिसादात 'सवय बंद' हे दोन शब्द आहेत आणि सगळं त्यांच्यावर अडतं.

खर्ऱ्यात दोन व्यसनं आहेत : तंबाखूचं निकोटिन आणि सुपारीचं अरेकोलिन. निकोटिनचा डिंक किंवा पट्टी पहिल्यासाठी आहे, दुसऱ्यासाठी नाही. म्हणून पट्टी लावूनही माणूस सुपारीकडे वळतो. त्याला आधीच सांगून ठेवा की तोंड रिकामं वाटणं, जबड्याला चाळा हवा असणं, जेवणानंतरची तल्लफ हे सुपारीचं आहे. त्या वेळी बडीशेप, लवंग, आवळ्याची सुपारी चालेल, पण पाकीट वाचा, कारण 'मुखवास' म्हणून विकतात त्यात अनेकदा सुपारीचे कण असतात.

फायब्रोसिस असलेल्याला डिंक देताना विचार करा. जबडा आधीच दुखतो, चावणं अवघड असतं. त्याला पट्टी किंवा चोखायची गोळी बरी. डिंक दिलाच तर दिवसाला दोन-तीन खर्ऱ्यांपर्यंत २ मिग्रॅ, सकाळी उठल्याबरोबर लागत असेल तर ४ मिग्रॅ डॉक्टरांना विचारून. चुइंगमसारखा सतत चघळायचा नाही : दहा-बारा वेळा चावून तिखट लागलं की गालात ठेवायचा, चव गेली की परत. चहा किंवा लिंबू सरबतानंतर पंधरा मिनिटं थांबायचं, आंबटामुळे निकोटिन शोषलं जात नाही. लोक खर्ऱ्यासारखा गिळत बसतात, मळमळतं, आणि 'औषध लागू पडत नाही' म्हणतात.

पहिले तीन-चार दिवस सर्वांत कठीण. ठेला ज्या रस्त्यावर आहे तो रस्ता बदलायचा, पन्नी खिशात 'फक्त ठेवायला' ठेवायची नाही. फोनवर सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय क्विटलाइन १८००-११-२३५६, फुकट आहे.

सोडल्याने खरंच फरक पडतो का, याचं उत्तर आपल्याच देशात मिळालेलं आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंत संशोधन विभागाने केरळ, गुजरात आणि आंध्रातल्या खेड्यांत ३६,००० तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्यांना समजावून सांगण्याचं काम केलं, त्याचा अहवाल १९८६ मध्ये आला. समजावलेल्यांत सवय सोडण्याचं प्रमाण वाढलं आणि नवे ल्युकोप्लाकिया कमी झाले.

---

वैनगंगा

तिफण, हा परिच्छेद छापून उपकेंद्रात लावतो.

तपासणीच्या बाजूने दोन गोष्टी. सरकारी कार्यक्रमात ३० वर्षांवरच्या प्रत्येकाचं तोंड दर पाच वर्षांनी बघायचं असं आहे. आशाताई सीबॅकचा, म्हणजे धोका तपासायच्या प्रश्नावलीचा, अर्ज भरतात, त्यात तोंड उघडायला त्रास होतो का, दोन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा चट्टा आहे का, आवाज बदललाय का, हे प्रश्न असतात. अर्ज चांगला आहे. पण खर्रा पंधराव्या-सोळाव्या वर्षी सुरू होतो आणि तोंड विशीत आखडायला लागतं. तिशीची वाट बघणं आमच्या भागाला परवडणारं नाही. म्हणून शाळा-कॉलेजात आम्ही तीन बोटांची चाचणी घेतो, कागद नाही, यंत्र नाही, एका वर्गाला वीस मिनिटं लागतात.

महाराष्ट्रात गुटखाबंदी जुलै २०१२ पासून आहे. तरी पानमसाल्याची पुडी वेगळी, तंबाखूची वेगळी, आणि एकत्र करणारा हात गिऱ्हाईकाचा. खर्रा तर ठेल्यावर समोर घोटून मिळतो. त्यामुळे बंदी आहे म्हणून प्रश्न संपला असं तपासणाऱ्याने धरू नये.

आणि नुसतं डोळ्यांनी बघून काही साधतं का, अशी शंका घेणाऱ्यांसाठी : तिरुवनंतपुरमला आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन फक्त बघून तपासणी केली. २००५ मध्ये निकाल आला, तेव्हा तंबाखू-दारूची सवय असणाऱ्यांत तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले होते.

शेवटचा प्रश्न रानजाईंना. आशाताईने बघताना कुठलीही जागा सुटू नये म्हणून एकच ठरलेला क्रम द्याल का? आणि पाठवलेल्या रुग्णाने परत किती दिवसांनी यायचं?

---

रानजाई

क्रम असा. कवळी असेल तर आधी काढायला लावा. हातमोजे, टॉर्च, गॉझ, लाकडी चपटी काडी किंवा चमचा.

वरचा ओठ उलटा, मग खालचा. उजवा गाल काडीने बाहेर ओढून मागच्या दाढेच्या पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत, हा कोपरा सर्वांत जास्त सुटतो. मग डावा. दोन्ही गाल चिमटीत धरून दोऱ्या लागतात का ते बघायचं. टाळू, 'आ' म्हणायला लावून पडजीभ आणि घशाच्या कमानी. जिभेचा शेंडा गॉझमध्ये धरून पुढे ओढायचा, उजवीकडे वळवून डावी कड मागपर्यंत, मग उलट. जीभ टाळूला लावायला सांगून जिभेखालचा भाग, तिथे बोट फिरवून बघायचं. शेवटी तोंड किती उघडतं ते मिमीमध्ये, आणि दोन्ही बाजूंनी मान चाचपून गाठ आहे का. सरावाने तीन मिनिटं लागतात.

दोन आठवडे थांबायचंच नाही, लगेच पाठवायचं, अशा खुणा : लाल मखमली चट्टा, बुडाशी कडक लागणारी जखम, कारण नसताना हलणारा दात, ओठ किंवा हनुवटी बधिर होणं, मानेत न दुखणारी गाठ. नागपूर, मुंबई आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत यासाठी मौखिक निदान विभाग असतो, तिथेच बायोप्सी होते. पाठवताना चिठ्ठीवर 'मुखरोग' असं मोघम न लिहिता 'डाव्या गालात पांढरा-लाल चट्टा, अंदाजे २ सेंमी, तोंड २८ मिमी' असं लिहा. फोटो काढताना शेजारी पट्टी धरा, नाहीतर पुढच्या वेळी चट्टा वाढला की कमी झाला ते कळत नाही.

परत येण्याचा हिशोब : डिस्प्लेसिया नसलेला सपाट पांढरा चट्टा किंवा लायकेन प्लॅनस, दर सहा महिन्यांनी. सौम्य डिस्प्लेसिया किंवा फायब्रोसिस, दर तीन महिन्यांनी, दर वेळी मिमीची नोंद. मध्यम किंवा तीव्र डिस्प्लेसिया काढल्यानंतर पहिलं वर्ष दर महिना-दोन महिन्यांनी, पुढे दर तीन महिन्यांनी. चट्टा गेला, सवय सुटली, तरी तपासणी आयुष्यभर बंद करायची नाही. कॅन्सर जुन्या चट्ट्याच्या जागीच येतो असं नाही, तोंडात दुसरीकडेही येऊ शकतो. फायब्रोसिसमध्ये तर तोंडच उघडत नसल्यामुळे मागचा भाग दिसत नाही. ५ मिमीने तोंड अचानक कमी झालं आणि सुपारी बंद आहे, तर मागे काहीतरी वाढतंय असं समजून लहान आरशाने किंवा घशाच्या दुर्बिणीने बघायला सांगा.

वैनगंगा, नोंदवहीसाठी पाच रकाने पुरतील : तारीख, मिमी, चट्टा कुठे आणि किती सेंमी, सवय चालू की बंद, पुढची तारीख. शेवटचा रकाना रिकामा राहिलेल्या माणसाच्या घरी महिन्याच्या आत एक फेरी मारा.